बायबल सॉफ्टवेअरमध्ये एकाच वचनाचे सगळ्या पंथांचे अर्थ कसे शोधता? (१ करिंथ ३:१५)

नगरची_लेक

सर्वांना सलाम. आमचा पुण्यात एक छोटा बायबल अभ्यासगट आहे, शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमतो. मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), मूळची नगरकडची. शिवाय वसईची दोन कॅथलिक घरं आहेत, एक मार्थोमा (केरळचं सुधारित सुरियानी चर्च) कुटुंब आहे आणि एक जोडपं पेंटेकॉस्टल मंडळीतलं. शुभवर्तमानं वाचत होतो तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. आता करिंथकरांस पहिलं पत्र घेतलंय आणि तिसऱ्याच अध्यायात अडलोय.

वचन १० ते १५. पाया ख्रिस्त, त्यावर कुणी सोनं-रुपं-मोलवान दगड बांधतो, कुणी लाकूड-गवत-पेंढा. त्या दिवशी अग्नी प्रत्येकाचं काम पारखणार, ज्याचं जळेल त्याचा तोटा होणार, पण तो स्वतः तारला जाणार, जणू अग्नीतून बाहेर पडल्यासारखा. वसईच्या ताई म्हणाल्या ही सरळ सरळ पर्गेटरी आहे, म्हणजे मेल्यावर आत्मे शुद्ध होतात ती अवस्था. पेंटेकॉस्टल दादा म्हणाले इथे पर्गेटरीचं नावही नाही. तिथून विषय गेला मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर, आणि निघायची वेळ झाली तरी संपला नाही.

शेवटी ठरलं की प्रत्येक परंपरा या वचनाबद्दल काय म्हणते ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं, आणि ते शोधून आणायचं काम माझ्याकडे आलं. लॅपटॉपवर ई-सोर्ड हे बायबल सॉफ्टवेअर टाकलं, फुकटात मिळणाऱ्या कॉमेंटऱ्या (वचनांवरच्या टीका) उतरवल्या: मॅथ्यू हेन्री, गिल, बार्न्स, अ‍ॅडम क्लार्क, जेमीसन-फॉसेट-ब्राउन. वचनावर क्लिक केलं की पाचही बाजूला उघडतात, फार छान सोय आहे. पण पाचही जण एकमुखाने सांगतात की पर्गेटरी नाही! हे घेऊन शनिवारी गेले तर वसईवाले म्हणतील, पाच साक्षीदार आणलेस पण पाचही एकाच आळीतले. आणि ते खरंच आहे.

तर प्रश्न असा: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतले), सगळ्यांचं म्हणणं नीट मिळेल असं सॉफ्टवेअर कोणतं आणि ते वापरायचं कसं? खर्च फार जमणार नाही. जुना लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन आहे.

लिनक्सवाला

पाचही एकाच आळीतले का, त्याचं कारण साधं आहे. फुकट काय मिळतं? ज्याचा कॉपीराइट संपलाय ते. आणि त्यातलं कुणीतरी बसून टाइप केलं, स्कॅन केलं ते. हे काम करणारे बहुतेक इंग्रजी बोलणारे प्रोटेस्टंट होते, त्यामुळे त्यांनी आपल्या घरातली पुस्तकं आधी घेतली. गिल बाप्टिस्ट, बार्न्स अमेरिकन प्रेस्बिटेरियन, क्लार्क मेथडिस्ट. आपसात त्यांचं पुष्कळ बाबतीत पटत नाही, पण रोमच्या विरोधात सगळे एक.

फोनवर अँडबायबल टाका, लॅपटॉपवर झायफॉस. दोन्ही क्रॉसवायरच्या सोर्ड प्रोजेक्टची मॉड्युलं वापरतात, फुकट आणि मुक्तस्रोत. त्यात दुए-र्‍हीम्स उतरवा, म्हणजे जुनं कॅथलिक इंग्रजी बायबल. आणि किंग जेम्स या जुन्या प्रोटेस्टंट इंग्रजी बायबलचं अपोक्रिफासहित (म्हणजे प्रोटेस्टंट बायबलांत आता नसलेल्या पुस्तकांसहित) मॉड्युल वेगळं आहे तेही घ्या, कारण १६११ च्या मूळ किंग जेम्समध्ये मक्काबींची पुस्तकं होतीच, मागाहून छापणाऱ्यांनी गाळली. पर्गेटरीच्या वादात ती नाहीत तर अर्धा वाद कळणारच नाही.

कॅटेकिस्ट_काकू

लेकी, वसईच्या बाजूने मी बोलते. ई-सोर्डसाठी हेडॉकची टीकाही मिळते, १८११-१४ ची इंग्रजी कॅथलिक टीका. ती घाल म्हणजे निदान एक साक्षीदार आमच्या आळीतला होईल.

पण एक सांगते. कॅथलिक मत काय आहे हे जाणून घ्यायला वचनावरची टीका ही खरी जागा नाही. आमच्याकडे शिकवण कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात असते, परिषदांच्या निर्णयांत असते. कॅटेकिझमचे परिच्छेद १०३० ते १०३२ वाच, तीनच आहेत. १०३१ मध्ये हे करिंथकरांचं वचन तळटीपेत येतं, "पाहा" म्हणून. म्हणजे सगळा डोलारा याच वचनावर उभा आहे असं चर्चने म्हटलेलं नाही. १०३२ मध्ये २ मक्काबी १२:४६ येतं, यहूदा मक्काबीने मेलेल्या सैनिकांसाठी अर्पण पाठवलं ते. आधी प्रार्थनेची प्रथा, मग तिचा अर्थ, असा आमचा क्रम आहे. ट्रेंट परिषदेचा १५६३ चा निर्णयही आहे. तो चार ओळींचा म्हणावा इतका छोटा, आणि त्यातच बिशपांना तंबी आहे की साध्या लोकांपुढे किचकट प्रश्न काढू नका, पैसे उकळायचं साधन करू नका.

आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं २००७ चं आशेवरचं परिपत्रक, परिच्छेद ४६ ते ४८, व्हॅटिकनच्या साइटवर फुकट आहे. त्यात त्यांनी हाच उतारा घेतलाय. अलीकडच्या काही ईशज्ञान्यांचं मत ते सांगतात की तो जाळणारा आणि तारणारा अग्नी म्हणजे ख्रिस्त स्वतः, त्याची नजर. आमच्या वर्गात हे वाचून दाखवलं की पोरं गप्प होतात. तुझ्या पेंटेकॉस्टल दादांनाही वाचून दाखव.

फक्त_वचन

एवढा पसारा कशाला? अध्याय तिसरा वचन ५ पासून वाचा. पौल कुणाबद्दल बोलतोय? स्वतःबद्दल आणि अपुल्लोबद्दल. मी लावलं, अपुल्लोने पाणी घातलं. बांधणारे म्हणजे मंडळी उभी करणारे सेवक. काम जळतं, माणूस नाही. तारण कृपेने आहे, इथे विषय बक्षिसाचा आहे, २ करिंथ ५:१० मधल्या ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर मिळणाऱ्या. मेल्यावर आत्म्याला भाजून शुद्ध करायचं कुठे लिहिलंय? पाच हजार पुस्तकांचं सॉफ्टवेअर घेऊनही वचन तेच राहणार.

निवृत्त_पाळक

फक्त_वचन भाऊ, संदर्भाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, मीही मंडळीत तसंच शिकवलं. पण "न्यायासन, बक्षिसं, तारण वेगळं" ही जी चौकट तुम्ही लावलीत तिलाही इतिहास आहे हो. १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलने ती घराघरात नेली, तिथून अनेक ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत रुजली. ती चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तीही एक परंपरा आहे, तेव्हा नगरच्या ताईंनी सगळ्या परंपरांचा तक्ता करताना तिचाही रकाना करावा.

ताई, आता तुमच्या पाच साक्षीदारांबद्दल. मॅथ्यू हेन्रींनी प्रेषितांची कृत्ये इथपर्यंत लिहिलं आणि १७१४ मध्ये ते वारले. रोमकरांपासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग त्यांच्या पश्चात इतर नॉनकन्फॉर्मिस्ट (इंग्लंडच्या सरकारी चर्चबाहेरच्या) पाळकांनी पुरा केला. म्हणजे सॉफ्टवेअरच्या खिडकीवर "मॅथ्यू हेन्री" लिहिलेलं असतं पण करिंथकरांवर लिहिणारा हात त्यांचा नाहीच. खिडकी हे सांगत नाही. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक पुस्तकाचं "माहिती" पान आधी उघडायचं: कोण, कुठल्या चर्चचा, कुठल्या साली, कुणासाठी लिहिलं. हे केल्याशिवाय गटात एकही उतारा वाचू नये.

आणि कॅल्व्हिन, रिफॉर्म्ड परंपरेचा मोठा आचार्य, सुटला तुमच्याकडून. त्याची १ करिंथवरची टीका १५४६ ची, ई-सोर्डलाही मिळते आणि सीसीईएलवरही आहे, म्हणजे कॅल्व्हिन युनिव्हर्सिटीची ती जुन्या ख्रिस्ती ग्रंथांची साइट. ३:१५ वर तो काय म्हणतो ते पाहा. पाया न सोडता ज्यांनी सोन्यात गवत मिसळलं असे कोण, तर तो नावं घेतो: सिप्रियन, अ‍ॅम्ब्रोज, ऑगस्टीन, नंतरच्यांत ग्रेगरी आणि बर्नार्ड. म्हणजे ज्यांना कॅथलिक आपले आचार्य मानतात ते तारले गेलेच, त्यांच्या कामातलं गवत तेवढं जळालं, असं. हे वचन तो चक्क चर्चच्या आचार्यांनाच लावतो! त्यांच्यावर टीका करतो पण त्यांना बाहेर काढत नाही. मला हा उतारा फार मोलाचा वाटतो. तुमच्या गटात दोन्ही बाजूंना यात आपलं काहीतरी सापडेल.

फक्त_वचन

पाळकसाहेब, स्कोफील्ड मी कधी उघडलेलं नाही.

निवृत्त_पाळक

तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांच्या गुरूंनी उघडलं असेल. माझ्याबाबतीतही तेच आहे, फक्त माझ्या गुरूंच्या गुरूंकडे बार्न्स होता.

फक्त_वचन

मान्य, असेल. पण विचार कुठून आला यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. पौल आणि अपुल्लोचा संदर्भ स्कोफील्डने घातलेला नाही, तो पत्रातच आहे. ताईंनी रकाने जरूर करावेत पण शेवटी वचनाशी कोणता रकाना जुळतो हे गटाने बोललंच पाहिजे, नुसतं "यांचं असं त्यांचं तसं" करून उठू नये.

नगरची_लेक

सहमत दादा, बोलणारच आहोत. पण आधी दुसऱ्याचं त्याच्या तोंडून ऐकू, एवढंच म्हणणं आहे.

बरं, लिनक्सवाला, झायफॉसमध्ये किंग जेम्सचं अपोक्रिफावालं मॉड्युल उतरवलं. काकूंनी सांगितलेलं २ मक्काबी १२:४६ शोधलं तर वचनच नाही. अध्याय ४५ ला संपतो. मॉड्युल अर्धवट आहे का?

लिनक्सवाला

नाही नाही, मॉड्युल ठणठणीत आहे. वचनांचे आकडे वेगळे आहेत. लॅटिन व्हल्गेटच्या मोजणीत तो अध्याय ४६ पर्यंत जातो, दुए-र्‍हीम्स तेच आकडे घेतं. ग्रीकवरून मोजणाऱ्यांत ४५ लाच संपतो. मजकूर तोच आहे, ४५ च्या शेवटी बघा, मेलेल्यांसाठी प्रायश्चित्त केलं ते वाक्य.

हा आकड्यांचा घोळ पंथापंथांत फिरणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी आडवा येतो. स्तोत्रांचं तर विचारूच नका. हिब्रूचं २३ वं स्तोत्र सेप्टुआजिंट (जुनं ग्रीक भाषांतर) आणि व्हल्गेटमध्ये २२ वं, कारण तिथे ९ आणि १० एक करून मोजलेत. पश्चात्तापाचं ५१ वं जुन्या कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पुस्तकांत ५० वं. तुम्ही दोन बायबलं शेजारी लावली आणि एक खिडकी दुसऱ्याच स्तोत्राला गेली तर घाबरू नका. सोर्ड मॉड्युलांना आपापली वचनमोजणी जोडलेली असते, काही ठिकाणी एकीतून दुसरीत भाषांतर बरोबर होतं, काही ठिकाणी नाही. आचार्यांची जुनी भाषांतरं वाचताना तर "स्तोत्र १२९" लिहिलं असेल तर आधी १३० उघडून बघायचं.

कॅटेकिस्ट_काकू

अगदी! आणि ते १३० वंच मृतांसाठीच्या प्रार्थनेत म्हणतात, "खोल गर्तेतून तुझा धावा करतो" ते. जुन्या मिस्साच्या पुस्तकात १२९ लिहिलंय, आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी चुकीचं स्तोत्र पाठ करून येतं.

जिज्ञासू_वाचक

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. पण धागा भलताच आवडला. गीतेवर आमच्याकडे हेच आहे. एकाच श्लोकावर शांकरभाष्य एक सांगतं, रामानुज दुसरं, मध्व तिसरं, आणि ज्ञानेश्वरी उघडली की चौथंच काहीतरी हाती येतं. आयआयटी कानपूरची गीता सुपरसाइट आहे, तिथे श्लोक निवडला की या आचार्यांची भाष्यं एकाखाली एक टिकमार्क करून उघडता येतात. अगदी तुमच्या ई-सोर्डसारखं.

पण त्यात एक गोष्ट जाणवते. एका श्लोकावरचं भाष्य तोडून वाचलं की भाष्यकार काय सांगतोय ते निसटतं, कारण तो मागच्या चाळीस श्लोकांपासून एक बाजू मांडत आलेला असतो. ज्ञानोबांची ओवी तर संदर्भातून काढली की नुसता सुविचार होतो. बायबलच्या टीकांचंही असंच असेल ना?

पिंपरीकर_अच्चायन

जिज्ञासूजी, मुद्द्यावर बोट ठेवलंत. आता माझं ऐका. जन्म पिंपरीतला, शिक्षण मराठीतून, चर्च मलंकारा ऑर्थोडॉक्स. चौथ्या शतकातला थोर प्रवचनकार योहान क्रिसोस्टम, त्याचंच उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअरमध्ये १ करिंथ ३:१५ दाबलं की त्याची दोन-तीन वाक्यं येतात. ती वाचून वाटतं हा पर्गेटरीच्या बाजूने की विरुद्ध? काहीच कळत नाही. पूर्ण प्रवचन उघडा, १ करिंथवरची त्याची ४४ प्रवचनं आहेत त्यातलं ९ वं. सुरुवातीलाच तो म्हणतो की आज प्रश्न मोठा आहे, नरकाच्या अग्नीला शेवट आहे की नाही. आणि सगळं प्रवचन त्याच रोखाने जातं. त्याच्या मते हे वचन शुद्ध होऊन सुटण्याबद्दल नाहीच. "तारला जाईल" म्हणजे जळून नाहीसा होणार नाही, अग्नीत टिकून राहील. म्हणजे शिक्षा! कॅथलिकांनाही धक्का, फक्त_वचन भाऊंनाही धक्का. आणि हे ओढून ताणून आणलेलं नाही, १४३८ मध्ये फेरारा इथे ग्रीक आणि लॅटिन पर्गेटरीवर वाद घालायला बसले तेव्हा इफिससच्या मार्कने क्रिसोस्टमचा हाच अर्थ पुढे केला होता. पुढच्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये एकीच्या कागदावर त्याने सही केली नाही ती नाहीच.

आणखी एक बारकावा. फुकट मिळणारं ते इंग्रजी भाषांतर फिलिप शाफ यांनी संपादित केलेल्या आचार्यांच्या ग्रंथांच्या १४ खंडांच्या मालिकेतलं आहे. मूळ भाषांतर ऑक्सफर्डच्या अँग्लिकन लोकांचं, आणि त्याला अमेरिकन आवृत्तीत टीपा जोडल्या न्यूयॉर्कच्या एका रिफॉर्म्ड पाळकांनी. मोबाईलवर टीप दाबली की पॉपअप उघडतो आणि वाटतं क्रिसोस्टमच बोलतोय. चौथ्या शतकातला वक्ता आणि एकोणिसाव्या शतकातली टीप, दोन्ही एकाच रंगात, एकाच अक्षरात. हे वेगळं ठेवा.

आता मुख्य तक्रार. तुमची सगळी सॉफ्टवेअरं धरून चालतात की परंपरा म्हणजे वचनावरची टीका. आमची परंपरा तिथे नाही, ती उपासनेत आहे. आमच्या पवित्र कुर्बानामध्ये (प्रभुभोजनाच्या उपासनेत) सहा तुबदेन असतात, म्हणजे स्मरणाच्या प्रार्थना, त्यातलं सहावं विश्वासात झोपी गेलेल्यांसाठी. आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना दर रविवारी करतो, आणि पर्गेटरी मानत नाही. दोन्ही एकाच वेळी. आणि मी ऑर्थोडॉक्स म्हटलं म्हणून ग्रीकांच्या रकान्यात टाकू नका. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेनंतर आमचा आणि ग्रीकांचा रस्ता वेगळा झाला. क्रिसोस्टम त्याच्या आधीचा, म्हणून तो दोघांचा.

ताई, तुमच्या गटातल्या मार्थोमा कुटुंबाला विचारा. आमचं आणि त्यांचं मूळ एक, पण १८३६ च्या सुमारास अब्राहाम मल्पान यांनी सुधारणा केल्या तेव्हा मृतांसाठीच्या प्रार्थना उपासनेतून काढल्या. दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली की काय ठेवलं, काय गाळलं ते लगेच दिसतं. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, दोन छापील पुस्तकं पुरतात.

टोरोंटोकर

अच्चायन, फार सुंदर प्रतिसाद. मी लोगोस वापरतो, ही १९९२ पासूनची कंपनी आहे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातली. व्हर्बम हे त्याचंच कॅथलिक रूप. खर्चिक आहे, विद्यार्थी सवलत नसेल तर मी कुणाला सरसकट घ्या म्हणणार नाही. पण ताईंना जे हवंय त्यासाठी त्यात दोन गोष्टी खरंच कामाच्या आहेत. एक म्हणजे वचनाच्या गाइडमध्ये पद्धतशीर ईशज्ञानाच्या ग्रंथांचा विभाग असतो, आणि तो ग्रंथ पंथवार लावून दाखवतो: रिफॉर्म्ड, लुथरन, बाप्टिस्ट, कॅथलिक वगैरे. दुसरं म्हणजे उलटा शोध. वचन उघडून टीका बघण्याऐवजी सगळ्या पुस्तकांना विचारायचं, या वचनाचा उल्लेख तुमच्यात कुठे कुठे आहे? मग प्रवचनं, परिषदा, मतांगीकार (पंथांनी आपली श्रद्धा मांडलेले अधिकृत मसुदे) असं सगळीकडून येतं, आणि एखादी परंपरा हे वचन कुठल्या विषयाखाली वापरते ते कळतं. टीकेत ते कळत नाही कारण टीकाकाराला प्रत्येक वचनावर काहीतरी लिहावंच लागतं.

मात्र लायब्ररीत जे नाही ते गाइड दाखवू शकत नाही. कॅथलिक रकान्यात एकच पुस्तक दिसलं म्हणजे कॅथलिकांनी एवढंच लिहिलं असं नाही, तुम्ही विकत घेतलेल्या संचात तेवढंच होतं.

पैसे न घालता उलटा शोध: सीसीईएलवर शाफच्या खंडांच्या शेवटी वचनांची सूची आहे. त्यात १ करिंथ ३:१५ काढा, आणि १२, १३ सुद्धा, कारण जुने लेखक उतारा कुठूनही सुरू करतात.

लुथरनांचं कुणी बोललं नाही म्हणून: ऑग्सबर्ग मतांगीकाराचं १५३१ चं समर्थन, कलम २४, त्यात स्पष्ट आहे की प्राचीन लोक मेलेल्यांसाठी प्रार्थना करत आणि ती आम्ही मना करत नाही. मिस्साचा लाभ मृतांना आपोआप पोचतो हे मात्र नाकारलंय. याउलट रिफॉर्म्डांचा वेस्टमिन्स्टर मतांगीकार, अध्याय २१: प्रार्थना मेलेल्यांसाठी करू नये. दोन्ही प्रोटेस्टंट. तेव्हा "प्रोटेस्टंट" असा एक रकाना करू नका.

संगणकाचा_नाद

एवढं कशाला, हल्ली एआयला विचारायचं. मी आत्ताच एका चॅटबॉटला विचारलं, ऑगस्टीन या वचनावर काय म्हणतो. अवतरणासह उत्तर दिलं, "पर्गेटरीचा अग्नी निश्चित आहे" असं ऑगस्टीनच्या तोंडी, पुस्तकाच्या नावासह. दहा सेकंदांत.

टोरोंटोकर

ते वाक्य त्या पुस्तकात शोधून बघितलंत का?

संगणकाचा_नाद

न्यू अ‍ॅडव्हेंट या कॅथलिक साइटवर ते पुस्तक उघडलं आत्ता. वाक्य नाही सापडत.

टोरोंटोकर

सापडणार नाही. ऑगस्टीनचं एन्किरिडियन उघडा, अध्याय ६८ आणि ६९, दोन्ही मिळून पानभरही नाहीत. आधी तो म्हणतो अग्नी म्हणजे प्रिय गोष्टी गमावण्याचं दुःख, याच आयुष्यातलं. मग म्हणतो की मरणानंतरही असंच काही घडत असेल तर ते अविश्वसनीय नाही, शोध घेण्यासारखं आहे. "निश्चित आहे" कुठेच नाही. त्याचं चाचपडणंच त्यातलं महत्त्वाचं आहे, आणि चॅटबॉटने नेमकं तेच पुसून टाकलं. कुठल्या ग्रंथात बघायचं हे विचारायला यंत्र वापरा, पण अवतरण मात्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय गटापुढे नेऊ नका. देवाच्या वचनाबद्दल बोलताय, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालताय, दोन्हीकडे जबाबदारी आहे.

निवृत्त_पाळक

+१. हे प्रत्येक पाळकाने प्रवचन तयार करताना लक्षात ठेवावं.

अवांतर: बायबलवर्क्स आठवतं का कुणाला? मूळ भाषांसाठी त्याच्यासारखं दुसरं नव्हतं. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीच बंद झाली. तेव्हापासून मी महत्त्वाच्या नोंदी सॉफ्टवेअरच्या आत ठेवत नाही, वहीत नाहीतर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये.

लिनक्सवाला

पाळकसाहेब, म्हणून तर मुक्तस्रोत म्हणतो. ग्रीक-हिब्रूसाठी स्टेप बायबल बघा, केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं, ब्राउजरमध्ये चालतं, फुकट.

नगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जागून बरंच वाचलं. क्रिसोस्टमचं ९ वं प्रवचन पूर्ण, एन्किरिडियनचे ते अध्याय, कॅल्व्हिन, कॅटेकिझमचे तीन परिच्छेद आणि पोपसाहेबांच्या परिपत्रकातलं. मला वाटलं होतं दोन बाजू निघतील, पर्गेटरी आहे आणि नाही. निघाले ते निराळेच गट. क्रिसोस्टम या वचनात पर्गेटरी बघत नाही पण बक्षिसंही बघत नाही. अच्चायनदादांचं चर्च प्रार्थना करतं आणि पर्गेटरी मानत नाही. लुथरन प्रार्थनेला हरकत घेत नाहीत. आणि आमच्या सीएनआयचं काय म्हणायचं? १९७० मध्ये नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट सगळे एकत्र येऊन चर्च झालं. ३९ कलमांचं २२ वं कलम पर्गेटरी नाकारतं, ते अँग्लिकन घरातून आलेल्यांचं. माझे आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, त्यांनी ते कलम पाहिलंही नसेल. माझ्या स्वतःच्या रकान्यात काय लिहायचं हेच मला सगळ्यात अवघड जातंय.

फक्त_वचन दादा, तुमचा संदर्भाचा मुद्दा मला सगळ्यात बळकट वाटतो, शनिवारी मी तो आधी मांडणार आहे. पण एक विचारते. करिंथ ३:१३ मध्ये "प्रत्येकाचं काम" म्हटलंय. सेवकांपासून सुरू झालं तरी ते सगळ्यांना लागू होत नाही का? क्रिसोस्टमने तर ते सगळ्या श्रोत्यांनाच लावलंय, आणि त्याला अपुल्लो माहीत नव्हता असं नाही.

फक्त_वचन

चांगला प्रश्न आहे. "प्रत्येक" म्हणजे १० व्या वचनातला "प्रत्येक बांधणारा", असं माझं वाचन. पण ते प्रवचन मी वाचलेलं नाही. लिंक टाका, वाचून सांगतो.

कॅटेकिस्ट_काकू

लेकी, तुझा रकाना रिकामा ठेवू नकोस. तुमच्या चर्चच्या अंत्यविधीचं पुस्तक काढ. अच्चायनने सांगितलं तेच तुलाही लागू. कबरीपाशी पाळक नक्की कोणते शब्द म्हणतात, मृतासाठी काही मागतात की फक्त मागे राहिलेल्यांसाठी, ते वाच. तिथे तुझं उत्तर असेल.

आणि आणखी एक. सगळं इंग्रजीतून नेऊ नकोस ग. वसईच्या त्या घरांत म्हातारी माणसंही येत असतील. यूव्हर्जनवर मराठी बायबल आहे, कॉमेंटरीची बाजू मात्र जवळजवळ सगळी इंग्रजीच. क्रिसोस्टमच्या त्या प्रवचनातल्या पाच-सहा ओळी तरी मराठीत उतरव, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या सुबोध बायबलमधून हा उतारा वाच, कॅथलिक घरांत तेच असेल.

नगरची_लेक

काकू, अंत्यविधीचं पुस्तक उद्याच पाळकसाहेबांकडून मागते. मराठी करायला घेते आजच, अडलं तर इथेच विचारीन.

पिंपरीकर_अच्चायन

सहाव्या तुबदेनचं मराठी मी करून देतो. सुरियानी नाही येत मला, मल्याळमवरून करीन, आमच्या अच्चनना, म्हणजे पाळकांना, दाखवून घेईन. गुरुवारपर्यंत टाकतो.

फक्त_वचन

ताई, गट पुण्यात कुठे बसतो? मी हडपसरला असतो. बाहेरचा माणूस आलेला चालत असेल तर शनिवारी येईन, प्रवचन वाचूनच येतो.

नगरची_लेक

या की दादा! वानवडीला आहे या वेळी, पत्ता निरोपातून पाठवते. वहिनींनाही आणा.